डावा पाय आणि चष्म्याचं घर

गेल्या वर्षी आमच्या भिसेगावात माझ्याबद्दल एक चांगली बातमी पसरली होती. सुमनबाई माणसाळल्या.

माझा स्वभाव मला ठाऊक आहे. अंगणवाडीत मी तीस वर्षं सेविका होते. पोरांची वजनं, गरोदर बायकांच्या गोळ्या, वर रजिस्टरांचा ढीग. रस्त्यात कुणी "बाई, बसा की जरा" म्हटलं की मी "तुम्हाला काम नसेल, मला आहे" म्हणून चालू पडायची. निवृत्त झाले तरी चाल तीच नि तोंडही तेच. आणि तीच मी एकाएकी प्रत्येक दारात थांबायला लागले. गिरणीवाल्याला विचारायचं, पीठ हल्ली जाडं का येतं. पुढे शिंपीणबाई, तिला विचारायचं, मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं. मग पारूचं घर. पारू माझी शेजारीण, अंगणवाडीत माझी मदतनीस होती. तिच्या ओट्याला हात टेकून मी तिच्या कोंबड्यांची चौकशी करायची. लोक खूश होते. "तुमच्या सासूबाई किती आपुलकीनं बोलतात आता," असं आमच्या सुनेला, प्रणालीला, दोघीतिघींनी सांगितलं.

मला त्या कोंबड्यांशी काडीचं देणंघेणं नव्हतं. माझ्या डाव्या पोटरीत गोळा यायचा. साठ-सत्तर पावलं चालले की पोटरी अशी आवळायची की पाऊल उचलेना. दोन मिनिटं उभं राहिलं की सुटायची. मग पुढची साठ-सत्तर पावलं. नुसतं रस्त्यात उभं राहिलं तर लोक विचारणार, म्हणून मीच आधी विचारायला लागले.

हे फक्त एका माणसानं ओळखलं. आमचे हे सबंध दिवसात दहा वाक्यं बोलत असतील. एकदा शेतावरून येताना मला पारूच्या ओट्यापाशी बघितलं आणि घरी आल्यावर म्हणाले, "तू हल्ली बगळ्यावानी एका पायावर उभी राहतेस."

"वय झालं," मी म्हटलं.

"वय दोनी पायांचं झालं असंल ना?" म्हणाले, आणि बैलाला वैरण घालायला गेले.

अंगठा

मग नवी चप्पल लागली. डाव्या अंगठ्याला एवढीशी जखम. मला साखरेचा आजार आहे, पायाची जखम जपायची असते, हे मी शेकडो लोकांना सांगितलेलं. स्वतःवर आली तेव्हा हळद लावून मोजा चढवला. महिना गेला. एका सकाळी अंगणात पाय धुताना प्रणालीनं बघितलं. ती खाली बसली, माझं पाऊल हातात घेतलं आणि म्हणाली, "आई, हे काळं पडलंय. आणि पाय किती गार आहे तुमचा."

त्याच दिवशी कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दोन्ही पावलांवर बोटं ठेवली. मग माझंच बोट धरून उजव्या पावलावर ठेवलं. तिथं नाडी उडत होती. डाव्यावर ठेवलं. तिथं काही नाही. "हा पाय उपाशी आहे," ते म्हणाले.

शीळफाट्याला जाऊन पायाच्या शिरांची सोनोग्राफी केली. त्या मशिनमधून रक्ताचा आवाज ऐकू येतो. उजव्या पायात धाड धाड चाललेलं. डाव्यात, मांडीच्या खाली, कुणी दुसऱ्या खोलीत कुजबुजतंय असं. तो कागद घेऊन आम्ही पनवेलच्या हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांसमोर बसलो. एका बाजूला हे, एका बाजूला प्रणाली. मुलगा महेश खोपोलीला कारखान्यात ड्युटीवर होता.

डॉक्टरांनी कागदावर शीर काढली आणि मध्ये काळी रेघ मारली. ह्यांनी चष्मा वर करून बघितलं. "मंजे वरच्या खाचरात पाणी हाय, खालच्याला पोचत नाय."

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "बांध फोडायचा. जांघेतून तार घालायची, आत फुगा फुगवायचा, वाट मोकळी करायची. मोठी चिरफाड नाही. पण लवकर. अंगठ्याचं टोक कदाचित जाईल. उशीर केलात तर पाय जाईल."

मग त्यांनी विचारलं, "तंबाखू? बिडी? काही?"

मी म्हटलं, "नाही."

माझं खोटं

हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, पण ते लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

मी मशेरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, आणि सकाळी बोटानं दातांना चोळत बसायचं. आमच्याकडे बायका तिला तंबाखू म्हणतच नाहीत. तंबाखू खातात ते पुरुष. मशेरी म्हणजे दात घासणं. तिच्याशिवाय डोकं चालत नाही, पोट साफ होत नाही, आणि दिवस सुरू झाला असं वाटत नाही.

पण मला ही सबब नव्हती. गरोदर बायकांना समोर बसवून "मशेरी म्हणजे तंबाखूच, पोटातल्या लेकराला बाधते" असं मी तीस वर्षं सांगितलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घरी जाऊन मी मोरीत बसून दात घासायची. नात झाली, ओवी, तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रणालीला सांगितलं की आजपासून बंद. दीड महिना पाळलं. मग पारूच्या दारातून तवा तापल्याचा वास आला. तेव्हापासून चार वर्षं पारू भाजायची आणि मी तिच्याकडून चिमूट चिमूट आणायची. माझ्या जुन्या कुंकवाच्या डबीत.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा प्रणालीचा हात माझ्या खांद्यावर होता. अशात तोंडातून "हो" कसं निघावं?

दांडी

पनवेलहून आल्यावर मी फार घाबरले. तोवर मला मरणाची भीती वाटेल असं वाटायचं. आली ती वेगळीच. मागच्या दाराच्या तीन पायऱ्या एका पायानं कशा उतरायच्या? ओवी पळाली तर तिच्यामागे कोण जाणार? मला कुणी उचलून न्हाणीत नेणार, आणि मी त्यांच्यावरही खेकसणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठोकाठोक ऐकू आली. जाऊन बघते तर हे न्हाणीच्या भिंतीत लोखंडी दांडी बसवतायत. धरून उठायला.

"अजून पाय आहे माझा," मी ओरडले.

"हाय ना," हे म्हणाले. "मंजे दांडी फुकट जाईल. जाऊ दे फुकट." आणि स्क्रू पिळत राहिले. त्यांचे डोळे लाल होते. मी आत जाऊन चहा टाकला.

आळशी रक्त

हॉस्पिटलात न्यायची पिशवी भरताना मी मशेरीची ती डबी चष्म्याच्या घरात, चष्म्याच्या खाली कापडात गुंडाळून ठेवली. हॉस्पिटलात माझ्या बांगड्या, मंगळसूत्र, चष्मा सगळं उतरवून घेतलं. चष्म्याचं घर प्रणालीनं आपल्या पर्समध्ये ठेवलं. "आई, काळजी करू नका, माझ्याजवळ आहे," म्हणाली.

ती खोली थंडगार. मला झोपवलं नाही, फक्त उजव्या जांघेत सुई देऊन बधिर केलं, कारण वाट तिकडून डावीकडे जाते. मी टक्क जागी. डॉक्टर म्हणाले, "रक्त पातळ करायचं औषध द्या." मी गप्प बसणारी नव्हे.

"पातळ कशाला करता? सगळं वाहून गेलं म्हणजे?"

"बाई, तुमच्या शिरेत तार गेली की रक्ताला वाटतं कुणी घुसलंय. ते गोठायला धावतं. गोठलं तर मी उघडलेली वाट तेच बुजवून टाकेल. म्हणून त्याला थोडा वेळ आळशी करायचं. फार नाही. फार केलं तर थांबायचं तिथं थांबणार नाही."

मग दर थोड्या वेळानं माझं थेंबभर रक्त एका छोट्या मशिनला पाजायचे आणि डॉक्टर विचारायचे, "किती?" कुणीतरी आकडा सांगायचं. कमी असला की आणखी औषध. गोठायला किती सेकंद लागतात ते मोजत होते म्हणे. मीही मनात मोजायला लागले. तीस वर्षं लेकरांची वजनं मोजली, आता माझा आळस मोजत होते. माझ्या अंगात पहिल्यांदाच काहीतरी आळशी झालेलं.

फुगा फुगवला तेव्हा पोटरी कळवळली. मग ती कळ गेली. थोड्या वेळानं सिस्टरनं माझ्या डाव्या तळव्याला हात लावला. ही सिस्टर चौकची, माझं माहेरही तिकडचंच, त्यामुळे सकाळीच आमची ओळख निघाली होती. ती म्हणाली, "बाई, पाय गरम झाला तुमचा." मला रडू फुटलं. डॉक्टर म्हणाले, "हलू नका, मग रडा."

हसायचं नाही

त्यानंतरचे तास मला कधी विसरायचे नाहीत. उजव्या जांघेवर दाब देऊन पट्टी, पाठीवर सरळ, पाय वाकवायचा नाही. रक्त अजून आळशी होतं, भोक उघडलं तर पटकन थांबणार नाही म्हणून. सिस्टर बजावून गेली, "उठायचं नाय, कुशीवर व्हायाचं नाय. खोकला आला तर हितं हात दाबायचा. हसायचं पन नाय."

हे भेटायला आले. खुर्चीत बसले, टोपी मांडीवर ठेवली, पाच मिनिटं पंख्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पारूच्या कोंबड्या इचारत व्हत्या तुला."

मी दोन्ही हातांनी जांघ दाबून हसले. सिस्टर धावत आली आणि ह्यांना बाहेर काढलं.

काळं रक्त

गुडघ्याखालच्या शिरा बारीक होत्या, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ करायचं औषध आणखी एक दिवस सलाईनमधून थोडं थोडं चालू ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जाग आली. डोकं जड. दोन दिवस मशेरी नाही.

"प्रणाली, चष्मा दे गं."

तिनं पर्समधून घर काढून दिलं आणि माझ्यासाठी चहा आणायला गेली. मी चादरीआड डबी उघडली आणि बोटानं खसाखसा चोळलं. घाईत हिरडीला नख लागलं. एरवी लक्षातही आलं नसतं. पण रक्त आळशी. थांबेचना. उशाशी ठेवलेल्या स्टीलच्या भांड्यात थुंकले, तर काळं नि लाल मिसळून चिखलासारखं. परत थुंकले, परत तसंच. डबी घाईनं घरात कोंबली, तेवढ्यात सिस्टर आली. तिनं भांडं बघितलं आणि तिचा चेहराच बदलला.

"बाई, उलटी झाली?"

मी मान हलवली. हो की नाही ते मलाही कळलं नाही.

पाच मिनिटांत डॉक्टर. पोटावर हात, डोळे बघितले, ब्लडप्रेशर, नाडी. प्रणाली चहाचा कप घेऊन दारात थिजलेली. डॉक्टर सिस्टरला म्हणाले, "काळपट आहे. पोटात रक्तस्राव दिसतोय. ते औषध बंद करा."

सिस्टरचा हात सलाईनच्या मशिनकडे गेला.

"बंद केलं तर पायाचं काय?" मी विचारलं. तोंडातून ओघळ आला.

"पोटातून रक्त जात असेल तर आधी जीव. पायाचं मग बघू."

"बघू" म्हणजे काय ते मला चांगलं कळतं. आयुष्यभर कचेऱ्यांमधून तेच ऐकलंय. प्रणालीनं कप खाली ठेवला, चादरीखाली हात घातला आणि माझं डावं पाऊल घट्ट धरलं. गरम आहे का ते बघत होती. "गरम आहे, आई, अजून गरम आहे," असं म्हणत ती रडत होती. त्या पावलाला तिच्या हाताची ऊब कळत होती. कित्येक महिन्यांनी कळत होती.

"डॉक्टर, थांबा," मी म्हटलं. "ते पोटातलं नाही. मशेरी आहे."

सगळे थांबले. मी चष्म्याचं घर उघडून डबी बाहेर काढली. सिस्टरनं बॅटरी आणून माझं तोंड उघडलं. "हिरडी फाटलीय, सर. आमची आजी लावते, असंच काळं असतं." तिथं कापूस दाबून धरला. डॉक्टरांनी तरी रक्ताची तपासणी केली, तासभर दर थोड्या वेळानं येऊन बघून गेले. पोटात काही नव्हतं. औषध चालू राहिलं.

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "शिरा आवळतात त्या ह्यानंच. मी बांध फोडतोय आणि तुम्ही रोज सकाळी माती टाकताय. आणि आज मी पाय वाचवणारं औषधच बंद करणार होतो, तुम्ही सांगितलं नाही म्हणून."

प्रणालीनं पावलावरचा हात काढून घेतला होता.

तीन दिवस

अंगठ्याचं टोक गेलं. पाय राहिला. घरी आले.

प्रणालीनं पेज करून दिली, गोळ्या वेळेवर दिल्या, पट्टी बदलली. बोलली मात्र कामापुरतं. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "बोल गं. शिव्या दे पाहिजे तर."

ती पट्टीच्या कात्रीकडे बघत म्हणाली, "मशेरीचा राग नाही, आई. माझी आईपण लावते. तुम्ही माझ्याच पर्समधून नेलीत. तुमचा पाय गेला असता तर तो माझ्या पर्समधून गेला असता."

चुकले, एवढंच म्हटलं. सुनेला "चुकले" म्हणायची ही माझी पहिलीच वेळ.

त्या दिवसापासून ती चष्म्याचं घर देताना आधी उघडून बघायची. खटकन आवाज यायचा. तो आवाज मला पचवायचाच होता.

मशेरी सुटणं सोपं नाही, कुणी सोपं आहे म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पहिले पंधरा दिवस मी सगळ्यांवर इतकी डाफरले की हे उजाडायच्या आत शेतावर जायला लागले. बडीशेप चघळून जीभ सोलवटली. पारू भेटायला आली ती दारातच बसून रडली. "बाय, मीच गं तुला देत हुते. तुजा पाय मीच खाल्ला असता." मी म्हटलं, तू दिलीस, पण चोळली मी. ती अजून लावते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. पण तवा चुलीवर असला की ओट्यावरून ओरडते, "आज मागल्या वाटेनं जा गं, बाय." आणि मी मुकाट्यानं मागल्या वाटेनं जाते.

ज्यांचं आता सुरू होणार आहे त्यांच्यासाठी

मला अजून रक्त आळशी ठेवायच्या दोन गोळ्या आहेत. विळीवर बोट कापलं की घड्याळ लावून दहा मिनिटं दाबून धरते, मध्ये उघडून बघत नाही. दंडावर कधी निळे डाग उठतात, डॉक्टरांना दाखवते. संकष्टीला उपास करते, गोळ्यांना उपास नाही. दाताच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा तोंड उघडायच्या आधी गोळ्यांचा कागद उघडला. आपल्या मनानं एक दिवसही गोळी बंद करायची नाही. आणि डॉक्टरांनी काही विचारलं की सगळं सांगायचं. शेजारी कुणीही बसलेलं असो. फारच लाज वाटत असेल तर त्या माणसाला पाणी आणायला पाठवा, पण सांगा.

आता

न्हाणीतल्या दांडीवर टॉवेल वाळतात. हे रोज तिकडे बघतात आणि खूश असतात.

मी चालते. सुरुवातीला तर इतकी चालले की गिरणीवाला एक दिवस बाहेर येऊन म्हणाला, "बाई, रागावलात काय? आता थांबत नाय तुमी." शिंपीणबाई प्रणालीला म्हणाली, पाय बरा झाला नि बाई पुन्हा बिघडल्या. मला हसू आलं, आणि थोडं वाईटही वाटलं. तिच्या मुलीच्या लग्नाचं मी इतक्यांदा विचारलं होतं की आता मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

म्हणून परवा बाजारात जाताना मी तिच्या दारात थांबले. पोटरीत काही नव्हतं. बरोबर प्रणाली आणि ओवी. शिंपीणबाईनं मशिनवरून उठून पत्रिका हातात दिली. "ठरलं, बाई. तुमीच पयल्या. वाचा."

"चष्मा दे गं," मी प्रणालीला म्हटलं.

तिनं पर्समधून घर काढलं. अंगठा सवयीनं खटक्यावर गेला. तिथं थांबला. मग तिनं घर तसंच, बंद, माझ्या हातात दिलं आणि ओवीची वेणी नीट करायला लागली.

मी चष्मा लावला आणि पत्रिका वाचली. मोठ्यानं, वरपासून खालपर्यंत, आहेर आणू नये इथवर. शिंपीणबाई म्हणाली पुन्हा वाचा, तर पुन्हा वाचली. तेवढा सगळा वेळ मी दोन्ही पायांवर उभी होते.